लेबर रूममधलं ड्रिल: सिस्टर, डॉक्टर, मावशी सगळे एकत्र

शिफ्ट_तिसरी | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार. मी सिंहगड रोड भागातल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये सिस्टर्सचं ट्रेनिंग बघते. त्याआधी बरीच वर्षं लेबर रूम केली आहे. पुण्यातल्या आरोग्य क्षेत्रातल्या मंडळींची मतं हवी आहेत म्हणून हा धागा. इतरांनीही जरूर लिहा, कारण पेशंट किंवा नातेवाईक म्हणून कधी ना कधी सगळेच या खोलीच्या दाराशी उभे राहतात.

मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी ट्रेनिंगची रीत अशी: सिस्टर्सचं सीपीआर दुपारी सेमिनार हॉलमध्ये, डॉक्टरांचं त्यांच्या संघटनेच्या कार्यशाळेत, मावशी-मामांचं कुठेच नाही. जो तो आपापला भाग नीट शिकतो. मग रात्री तीन वाजता बाळंतिणीला रक्तस्राव सुरू होतो आणि ही सगळी माणसं पहिल्यांदाच एकत्र सराव करतात, तोही खऱ्या बाईच्या जिवावर. मला हे अजिबात पटत नाही. ज्यांनी एकत्र काम करायचं त्यांनी सराव एकत्रच केला पाहिजे. त्याच लेबर रूममध्ये, त्याच ट्रॉलीवर, त्याच अपुऱ्या उजेडात.

आम्ही पीपीएचचं, म्हणजे बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाचं ड्रिल सुरू केलं आहे. पेशंट होते आमचीच एक स्टाफ सिस्टर. गाऊनखाली सलाइनची पिशवी, तिच्यात लाल रंगाचं पाणी, बाहेर आलेली नळी आणि क्लॅम्प तिच्याच हातात. गर्भाशयाला कोणी नीट मसाज केला, औषध वेळेत दिलं, तर ती क्लॅम्प आवळते. नाहीतर 'रक्त' चालूच. कल्पना आमची नाही. प्रोंटो नावाच्या संस्थेने 'पार्टोपँट्स' म्हणून असाच साधा पोशाख केला. मेक्सिकोत आणि पुढे आपल्याकडे बिहारमध्ये सरकारी केंद्रांतल्या नर्सेसच्या प्रशिक्षणात तो वापरला गेला.

पहिल्याच ड्रिलमध्ये जे दिसलं ते कुठल्या लेक्चरमध्ये दिसलं नसतं. ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आकुंचन पावायला देतात ते इंजेक्शन, २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, म्हणून ते फ्रिजमध्ये. फ्रिज औषधांच्या खोलीत. खोलीची किल्ली इन्चार्ज सिस्टरकडे, आणि इन्चार्ज सिस्टर रात्री घरी असतात. दिवसा हे कुणाच्या लक्षातही येत नाही. 'रक्त मागवा' असं आरएमओ (ड्युटीवरचे निवासी डॉक्टर) मोठ्याने म्हणाले, ते तिघांनी ऐकलं आणि तिघांनाही वाटलं दुसऱ्याने फोन केला. आरएमओ आणि सीनियर सिस्टर दोघंही सलाइनसाठी व्हेन (शीर) शोधत होते. गर्भाशयावर कुणाचाच हात नव्हता. मावशींनी मात्र न सांगता स्टँड आणि कोरडी चादर आणली. आणि रात्री एक लिफ्ट लाँड्रीसाठी अडवून ठेवतात, हे सगळ्यांत एकट्या त्यांनाच ठाऊक होतं.

मग ऑन-कॉल प्रसूतितज्ज्ञ मॅडम आल्या आणि खोली गप्प झाली. तोपर्यंत पल्स, बीपी, डोसच्या वेळा टिपणारी सिस्टर भिंतीकडे सरकली. मॅडमनी विचारलं, "ट्रॅनेक्झॅमिक दिलं का?" उत्तर यायला वेळ लागला. रक्तस्राव आटोक्यात आणणारं ते इंजेक्शन तिनेच दिलं होतं.

मला तरी यातली शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. किल्लीचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुटला, फ्रिज लेबर रूममध्ये आला. गप्प होण्याचा कसा सोडवायचा?

शिवाय दोन प्रश्न. व्हिजिटिंग कन्सल्टंट ड्रिलला येत नाहीत, त्यांना कसं आणायचं? आणि मॅनेजमेंट भारी मॅनिकिन (सरावाचा पुतळा) घ्यायचं म्हणतंय, श्वास घेणारं, डोळे मिटणारं. घ्यावं का?

---

भूल_डॉ | रविवार, सकाळी ७:२५

ताई, मी भूलतज्ज्ञ. कर्वे रोड ते हडपसर अशा बऱ्याच ठिकाणी केसेस करतो, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल तक्रार करताय त्यांतलाच.

भिंतीकडे सरकलेल्या सिस्टरवरून आमच्या विषयात शिकवली जाणारी एक केस सांगतो. इंग्लंड, २००५. एलेन ब्रॉमिली, वय ३७, सायनसचं साधं ठरलेलं ऑपरेशन. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. ना नळी जाते, ना मास्कने हवा. अशा वेळी गळ्यातून मार्ग करायचा असतो. खोलीत अनुभवी डॉक्टर होते आणि ते नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्यातून मार्ग करायचा सेट आणून ठेवला, तसं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला; डॉक्टरांच्या चेहऱ्यावर 'एवढं काय' असा भाव दिसला म्हणून तिने तो परत घेतला. काय करायला हवं ते खोलीतल्या काहींना कळत होतं, पण ते कानी पडेल असं कसं बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आणि ऐकायचं कसं हे डॉक्टरांना. एलेन १३ दिवसांनी गेल्या. त्यांचे पती मार्टिन विमानाचे पायलट. त्यांनी कुणाला शिक्षा मागितली नाही, चौकशी मागितली, आणि २००७ मध्ये क्लिनिकल ह्युमन फॅक्टर्स ग्रुप उभा केला.

म्हणून माझं मत: नुसतं सिस्टर्सना 'बोला, धीट व्हा' असं शिकवून भागणार नाही. माझ्यासारख्याला सरावाने शिकवावं लागेल की ट्रेकिऑस्टॉमीचा सेट समोर आला तर हात थांबवून वर बघायचं. हे वाचून येत नाही. ते त्या सिस्टरसोबतच करून बघावं लागतं.

कन्सल्टंट कसे आणायचे? ट्रेनिंगला बोलावू नका. आम्ही जिथे आधीच हजर असतो तिथे ड्रिल करा. सकाळच्या पहिल्या केसआधी ओटीत सगळे असतात. पंधरा मिनिटं काढा, त्यातली पाच ड्रिलची, दहा बोलण्याची. मी येईन.

---

आयसीयू_ब्रदर | रविवार, सकाळी १०:०२

माफ करा, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. मी एका मोठ्या खाजगी रुग्णालयात आयसीयूला आहे. आधी जनरल वॉर्ड केला. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष बघा: शिकाऊ रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात ३ रुग्णांमागे १ नर्स, इतर रुग्णालयांत ५ मागे १. पुण्यात रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते इथे सगळ्यांना माहीत आहे. जिथे हातच कमी तिथे संवादाचं ट्रेनिंग देणं म्हणजे दोष पुन्हा नर्सच्या माथी मारणं नाही का? काही झालं की म्हणणार, ट्रेनिंग तर दिलं होतं.

आणि ड्रिल म्हणाल तर एनएबीएचची (रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या संस्थेची) टीम येणार असली की कोड ब्लूचं, म्हणजे हृदय बंद पडल्याच्या इमर्जन्सीचं ड्रिल होतं. फोटो, सह्या, फाइल. पेशंट म्हणून झोपायला नेहमी नवा मुलगा. त्या ड्रिलनंतर कुठलीच गोष्ट बदललेली मी पाहिली नाही.

---

शिफ्ट_तिसरी | रविवार, दुपारी १२:४०

ब्रदर, तुमचं म्हणणं टाळून पुढे जाणार नाही. रात्रीचं मनुष्यबळ हा मूळ प्रश्न आहेच आणि ड्रिल ही त्याला पर्याय नाही. पण आमच्या ड्रिलचा एक उपयोग असा झाला की तो प्रश्न डोळ्यांना दिसला. अॅडमिन सरांना मी कोपऱ्यात उभं केलं होतं. पीपीएचमध्ये एकाच वेळी काय काय लागतं ते मोजा: एक हात गर्भाशयावर, एक जण सलाइनच्या दोन मोठ्या लाइन्स लावायला, एक औषधं भरून द्यायला, एक वेळ आणि बीपी लिहायला, एक फोनवर, एक रक्ताचे नमुने घेऊन पळायला. लेबर रूमला रात्री दोन सिस्टर आणि एक आरएमओ. हे मी रजिस्टरमध्ये लिहून चार वेळा दिलं असतं तरी फाइलला लागलं असतं. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. आता 'पीपीएच' म्हटलं की कॅज्युअल्टीची एक सिस्टर आणि वॉर्डबॉय मामा वर यायचे असं ठरलंय, लेखी. नवी पोस्ट मिळालेली नाही. ती मागणी मी सोडणार नाही.

एनएबीएचच्या ड्रिलबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. ड्रिलमध्ये काही बिघडलं नाही तर ते ड्रिल वाया गेलं असं मी समजते.

---

लोहगाव_निवृत्त | रविवार, दुपारी ३:१५

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो. वर भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी पायलटचा उल्लेख केला म्हणून थोडी भर.

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जंबो विमानांची धावपट्टीवरच टक्कर झाली. ५८३ माणसं गेली. एका विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं विमान अजून धावपट्टीवर असावं. त्याने ती बोलून दाखवली. कॅप्टन अतिशय ज्येष्ठ, कंपनीतला नावाजलेला प्रशिक्षक. त्याने ती उडवून लावली आणि दुसऱ्यांदा कुणी बोललं नाही. या आणि अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने एक बैठक घेतली, आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने कॅप्टन आणि बाकीच्या क्रूला एकत्र बसवून शिकवायला सुरुवात केली. तोवर सिम्युलेटर होते, पण सगळा भर प्रत्येकाच्या वैयक्तिक कौशल्यावर होता. पुढे स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी हीच पद्धत ऑपरेशन थिएटरमध्ये आणली.

विमानात हे सुधारायला एक गोष्ट कारणीभूत होती: सराव सक्तीचा आहे. कॅप्टन कितीही मोठा असो, ठरलेल्या मुदतीत सिम्युलेटरमध्ये बसला नाही तर विमान उडवता येत नाही. तुमच्याकडे कन्सल्टंटला विनंती करावी लागते, हे वाचून मला काळजी वाटली.

---

निवृत्त_मेट्रन | रविवार, सायंकाळी ६:५०

सर्वांना नमस्कार. या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवले नाही.

तरुण मुलींना वाटते की बाहुली वापरून शिकणे ही नवीन गोष्ट आहे. माणसाच्या उंचीची पहिली बाहुली अमेरिकेत हार्टफर्डच्या रुग्णालयात नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठीच आली, १९११ मध्ये. खेळण्यातल्या बाहुल्या करणाऱ्या मार्था चेस यांनी ती बनवली, म्हणून तिचे नाव मिसेस चेस. त्याच्याही दीडशे वर्षे आधी फ्रान्समध्ये मादाम द्यु कूद्रे या सुईणीने कापड आणि चामड्याचा प्रसूतीचा सांगाडा तयार केला. राजाच्या परवान्याने ती गावोगाव हिंडली, हजारो बायकांना शिकवले, आणि शल्यवैद्यांनाही शिकवले. सुईण शिकवते आहे आणि वैद्य शिकतो आहे, हे तेव्हा घडले होते!

आपल्या पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने मराठी घरांतल्या मुली, त्यात कितीतरी विधवा, ससूनमध्ये परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवल्या. त्या काळी घरच्यांची समजूत घालणे हेच मोठे काम होते. त्या परंपरेतल्या आम्ही. माझ्या नोकरीत नव्या इंटर्नला पहिली लाइन कशी लावायची ते वॉर्डातल्या सिस्टरनेच दाखवलेले मी वर्षानुवर्षे पाहिले. रात्री, कुणी पाहत नसताना. सकाळी राउंडला तीच सिस्टर फाइल धरून मागे उभी. तिचे शिकवणे कुठल्याही कागदावर नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की ड्रिलनंतरची चर्चा दर वेळी डॉक्टरांनी घ्यायची नाही. आळीपाळीने अनुभवी सिस्टरने घ्यावी, आणि कन्सल्टंटने खुर्चीत बसून उत्तर द्यावे. पहिल्यांदा दोघांनाही अवघड जाईल. जाऊ दे.

---

जीएनएम_तिसरंवर्ष | रविवार, रात्री ९:३०

मेट्रन मॅम, तुमचा प्रतिसाद आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर टाकला.

आमच्या कॉलेजात मॅनिकिन आहे, काचेच्या कपाटात. परीक्षेच्या आधी निघतं. त्याच कॅम्पसमध्ये मेडिकल कॉलेज आहे, त्यांची स्किल्स लॅब वेगळी, छान आहे म्हणतात. तीन वर्षांत आम्ही एकदाही त्यांच्यासोबत काही केलेलं नाही. वॉर्डात भेटतो तेव्हा त्यांना आमचं नाव माहीत नसतं, 'सिस्टर' एवढंच.

एक विचारायचं होतं. सगळ्यांसमोर चुकलं तर? आमच्या एका बॅचमेटला डेमोच्या वेळी मॅडम सगळ्यांपुढे बोलल्या, ती नंतर कधीच पुढे झाली नाही. डॉक्टर बघत असतील तर मला तर काहीच सुचणार नाही.

---

शिफ्ट_तिसरी | रविवार, रात्री १०:२०

बाळा, तुझी भीती खरी आहे, आणि ती दूर करायची जबाबदारी ड्रिल घेणाऱ्याची. आमचे नियम सांगते. ड्रिल सुरू व्हायच्या आधी मोठ्याने सांगायचं: इथला प्रत्येक जण हुशार आहे, मन लावून काम करतो आणि त्याला सुधारायचंय, हे आम्ही धरून चालतो. मोबाइल बाहेर. कुठलाही व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर जाणार नाही. ड्रिलमधलं काहीही अप्रेझलमध्ये येणार नाही. हे मी एचआरकडून लिहून घेतलंय. हे शेवटचं मिळत नसेल तर ड्रिल सुरूच करू नये.

आणि चर्चेत 'तू हे का नाही केलंस' असं विचारायचं नाही. जे दिसलं ते सांगायचं, आपल्याला काय वाटलं ते सांगायचं, मग तिच्या मनात काय चाललं होतं ते विचारायचं. त्या भिंतीकडे सरकलेल्या सिस्टरला मी म्हटलं, "मॅडम आल्यावर तुम्ही मागे गेलात. वेळा तुमच्याकडे होत्या म्हणून मला काळजी वाटली. तेव्हा काय वाटत होतं?" ती म्हणाली, "मॅडम आल्या म्हणजे माझं काम झालं असं वाटलं." तिला भीती नव्हती! मी भीतीच धरून चालले असते तर 'धीट व्हा'चं लेक्चर दिलं असतं. मॅडमनाही हे नवीन होतं. त्या म्हणाल्या, "मी आत आले की आधी तुम्हीच मला सांगायचं, मी विचारायच्या आधी." आता तसंच होतं. मॅडम दारातून आत आल्या की ती सिस्टर अर्ध्या मिनिटात सांगते: किती वाजता डिलिव्हरी, किती रक्त गेलं, पल्स-बीपी, काय दिलं, काय हवंय.

---

एकशेआठ_वैद्य | सोमवार, पहाटे ५:४०

ड्युटी संपवून लिहितोय. १०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे, बीएएमएस.

मेट्रन मॅडमनी बाहुलीचा इतिहास लिहिला त्यात आपल्याकडचं जोडतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय सगळा सरावावरच आहे. छेद घ्यायला कोहळा, भोपळा, काकडी. शिरावेधासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. आणि पट्टी बांधायचा सराव कापड-मातीच्या पुतळ्यावर. शास्त्र कितीही ऐकलेलं असलं तरी हा सराव न केलेला माणूस कामाला योग्य नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. पहिल्या वर्षाला आम्ही हे पाठ करतो.

आता माझी विनंती. ड्रिलमध्ये आम्हालाही घ्या. पेशंट गाडीतून उतरवून कॅज्युअल्टीत नेताना जे होतं ते बघा: मी सांगायला तोंड उघडतो, तोवर स्ट्रेचर हलतं, मामा चादर ओढतात, सिस्टर लीड्स लावतात, आरएमओ पेशंटशी बोलतात. मी सांगितलेलं कुणाच्याच कानावर जात नाही. वाटेत दिलेल्या औषधाचा डोस पुन्हा दिला जाऊ शकतो. सीपीआर चालू नसेल तर सगळ्यांनी हात थांबवून आमचं अर्धा मिनिट ऐकावं, एवढंच. पण हे आयत्या वेळी सांगून होत नाही, आधी एकत्र करून बघावं लागतं.

---

प्रसूती_डॉ | सोमवार, दुपारी २:०५

मॅनिकिनच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलं नाही, म्हणून लिहिते.

नका घेऊ. निदान आत्ता नको. ब्रिस्टलमधल्या साउथमीड हॉस्पिटलने काय केलं ते बघा. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला, ही फार वाईट मिनिटं असतात. डोकं ओढलं तर मानेजवळच्या नसा ताणल्या जाऊन बाळाचा हात कायमचा लुळा पडू शकतो. यातून सोडवायचं तर दोघांनी आईचे पाय पोटाकडे घ्यायचे, एकाने ओटीपोटावर योग्य दिशेने दाब द्यायचा, एकाने खाली बाळाकडे बघायचं. डॉक्टर एकटा काहीही करू शकत नाही. त्यांनी प्रसूती विभागातल्या सगळ्यांना, मिडवाइफ, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आपल्याच हॉस्पिटलमध्ये, दर वर्षी, एकत्र शिकवलं. २००८ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले: खांदा अडकलेल्या बाळांमध्ये इजेचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ वर आलं. त्यासाठी लागलं ते ओटीपोटाचं मॉडेल आणि बाहुली. वापर मात्र सतत.

पीपीएचचं म्हणाल तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ई-मोटिव्ह अभ्यास आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इथली ८० रुग्णालयं. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची चादर बाईखाली घालून रक्त मोजायचं, अंदाज करायचा नाही. आणि मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक, सलाइन, तपासणी हे एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू करायचं. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. चादर अगदी साधी वस्तू आहे. पण ती बघून 'मॅडम, रेषा ओलांडली' असं म्हणणारी सिस्टरच असते आणि उपचार सुरू करायची मुभा तिला आधीच दिलेली असावी लागते. मॅनेजमेंटला सांगा: त्या पैशांत चादरी घ्या, आणि उरलेल्यात ड्रिलच्या वेळी वॉर्ड सांभाळायला एक जास्तीची सिस्टर ठेवा.

महाग मॅनिकिन वाईट नाही. अवघड श्वासमार्ग, हृदयाची लय, मोठ्या संस्थेत रोजचा वापर, तिथे उपयोगी आहे. साठ बेडच्या हॉस्पिटलमध्ये ते वरच्या प्रतिसादातल्या काचेच्या कपाटात जाईल.

---

हडपसरची_आई | सोमवार, रात्री ८:१५

मी गृहिणी. सुनेच्या बाळंतपणात रात्री अशीच धावपळ झाली होती. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, सून आणि नात दोघी सुखरूप आहेत. पण बाहेर आम्ही दोन तास उभे होतो. दार उघडायचं, कुणीतरी पळत जायचं, ओले कपडे बाहेर यायचे. विचारलं तर 'थांबा'. मुलाने शेवटी दार ढकललं, तर सिक्युरिटीने त्यालाच धरलं. आत चांगलंच काम चालू होतं, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

तुमच्या सरावात बाहेर उभा असलेला नातेवाईकही ठेवा. आणि त्याच्याशी कोण बोलणार ते ठरवा. 'रक्त जास्त जातंय, चार जण काम करतायत, दहा मिनिटांनी मी परत येते' एवढं कुणी म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

माझा नातू ढोल पथकात आहे, गणपतीच्या आधी नदीकाठी रोज सराव. तिथे ढोलवाले आणि ताशेवाले वेगवेगळे सराव करून थेट मिरवणुकीत भेटत नाहीत.

---

कोट्टायम_कोथरूड | सोमवार, रात्री ९:००

माझं मराठी थोडं चुकलं तर समजून घ्या, मूळची केरळची, आता पुण्याचीच.

आमच्या वॉर्डात ऑर्डर इंग्रजीत, फोन हिंदीत, मावशींशी मराठीत, आणि घाई झाली की आम्ही मैत्रिणी मल्याळममध्ये. गोंधळात अर्धं कुणालाच कळत नाही. आम्ही एक सवय लावली: डॉक्टर औषध म्हणाले की जिला सांगितलं तिने नाव आणि डोस परत म्हणायचा, दिल्यावर 'दिलं' आणि वेळ म्हणायची. डॉक्टरनेही 'कुणीतरी अॅड्रेनॅलिन द्या' म्हणायचं नाही, नाव घेऊन सांगायचं. त्यासाठी नाव माहीत पाहिजे. म्हणून शिफ्ट सुरू होताना आरएमओसकट सगळे आपापलं नाव सांगतो. लहान वाटतं, पण फरक पडतो.

---

आयसीयू_ब्रदर | सोमवार, रात्री ११:४५

ताई, तुमचं उत्तर आणि पुढचे प्रतिसाद वाचले. हातांची मोजणी आमच्या आयसीयूत करून बघतो. कार्डिअॅक अरेस्टला छातीवर दाब देणारे दर दोन मिनिटांनी बदलायला हवेत, म्हणजे निदान दोघं; रात्रपाळीला ते कसे मिळतात हेच दाखवायचंय. तो कागद आमच्या सीएनओ (नर्सिंग प्रमुख) मॅडमना देतो. मनुष्यबळाबद्दलचं मत मात्र तेच आहे.

---

रक्तपेढी_टेक | मंगळवार, सकाळी ८:३०

कुणालाच न दिसणाऱ्या विभागातून लिहितोय. फोन येतो: "अर्जंट ब्लड पाठवा." कुणाला, किती, कुठला घटक, नमुना पाठवलाय का? फोन ठेवलेला असतो. परत लावला तर कुणी उचलत नाही. मग नमुना येतो, नळीवर आणि फॉर्मवर नाव जुळत नाही. तो मी घेऊच शकत नाही, चुकीचं रक्त चढलं तर माणूस जातो. वरून शिव्या मलाच. क्रॉसमॅचला, म्हणजे पेशंटचं आणि पिशवीतलं रक्त जुळतं का ते बघायला, वेळ लागतो; जीव जात असेल तर ओ निगेटिव्ह कसं मागायचं याची पद्धत ठरलेली आहे, पण लेबर रूममध्ये किती जणांना माहीत आहे?

तुमच्या ड्रिलमध्ये फोन खरोखर लावा. हवेत लावू नका.

---

शिफ्ट_तिसरी | मंगळवार, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. आज मेट्रन मॅडम (आमच्या) आणि प्रसूतीच्या मॅडमसोबत बसून पुढचं ड्रिल लिहिलं. इथलं पुष्कळ त्यात आलं.

दुपारी दोनला शिफ्ट बदलताना घेतोय, तेव्हा दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर हजर असतात आणि ओपीडी संपत आलेली असते. संध्याकाळी ऑन-कॉल मंडळी राजाराम पुलाच्या ट्रॅफिकमध्ये अडकतात, म्हणून ती वेळ सोडली. रात्रीचं वेगळं घेऊच, तेही न कळवता, पण आधी दोन दिवसा होऊ देत. रिसेप्शनची मुलगी सासू होऊन दाराबाहेर उभी राहील आणि फ्लोअर मॅनेजर दर दहा मिनिटांनी तिच्याशी बोलतील. मापाच्या चादरी मागवल्या. मावशी चर्चेलाही बसणार, खुर्चीत. चर्चा आमच्या लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर घेतील. भूल_डॉ, तुम्ही मोकळे असाल तर श्रोते म्हणून या. मेडिकल कौन्सिलचे क्रेडिट पॉइंट मिळावेत म्हणून अर्ज करतोय, नोंदणी नव्याने करायला पाच वर्षांत ३० लागतात तुम्हाला, त्या निमित्ताने बाकीचे कन्सल्टंटही येतील अशी आशा.

तिसऱ्या वर्षाच्या मुलींना बघायला बोलवायचं का हे कॉलेजला विचारलंय. परवानगी मिळाली तर बघायला नाही, हात घालायलाच या.

रक्तपेढीला फोन खरा लावणार, नमुनाही खरंच पाठवणार. दादा, तुमच्याकडे चालेल ना?

---

रक्तपेढी_टेक | बुधवार, सकाळी ८:१०

चालेल. आमच्या सरांना आदल्या दिवशी पत्र द्या. नळीवर आणि फॉर्मवर लाल शाईने मोठं 'ड्रिल' लिहा, नाहीतर आम्ही खरंच क्रॉसमॅचला लावू आणि कुणाच्या तरी दोन पिशव्या अडकतील. आणि फॉर्म अर्धवट भरून पाठवलात तर मी परत पाठवणार आहे, ड्रिल असलं तरी.